पाण्याविना पॉलिएस्टर : एका प्रतिक्रियेला उत्तर

मागच्या लेखात मी लिहिलं होतं की पॉलिएस्टर पाण्याऐवजी दाबाखालच्या कार्बन डायऑक्साइडमध्ये रंगवता येतं. त्यावरच्या बहुतेक प्रतिक्रियांना तिथल्या तिथे दोन ओळींत उत्तरं दिली. एका प्रतिक्रियेला मात्र तेवढ्यावर सोडवत नाही. लिहिणाऱ्यांनी नाव दिलेलं नाही, फक्त ‘डाईंग मास्टर’ अशी सही आहे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : पाण्याऐवजी सॉल्व्हंटमध्ये पॉलिएस्टर रंगवायचे प्रयोग परक्लोरोएथिलीनवर (परक्लोर, ड्रायक्लीनिंगमध्ये वापरतात ते द्रावण) होऊन गेले आणि जगाने ते कधीच सोडून दिले, कार्बन डायऑक्साइडवर चालणारं अडीचशे बार दाबाचं मशीन आपल्याकडच्या कापड रंगवणाऱ्या प्रोसेसवाल्याला परवडणारं नाही, सुतावरचं स्पिन फिनिश (सूत काढताना लावलेलं तेल) त्या वायूत विरघळतं आणि शेडची, म्हणजे रंगछटेची, वाट लावतं. आणि शेवटचं वाक्य जसंच्या तसं देतो (जेट म्हणजे दाबाखाली कापड रंगवायचं मशीन) : ‘जेटसमोर एक रात्रपाळी न काढलेल्यांनी चार परदेशी लेख वाचून आम्हाला शहाणपण शिकवू नये.’

मास्टर, पहिली तीन वाक्यं तुम्ही लिहिलीत त्याचा मला आनंदच आहे. चौथं लिहायला नको होतं.

माझ्या लेखात एकही वाक्य असं नव्हतं की ज्यात कोणा कारागिराला कमी लेखलं होतं. शोधून दाखवा. तुम्ही मला ओळखत नाही, मी कुठे काम केलं हे तुम्हाला माहीत नाही, आणि तरी ‘एक रात्रपाळी न काढलेले’ हे तुम्ही ठरवून मोकळे झालात. असं लिहायच्या आधी माणूस एकदा विचारतो तरी.

मी इचलकरंजीत वाढलो. शिक्षण संपल्यावर तारापूरच्या एका प्रोसेस हाउसमध्ये लागलो आणि तिथे पहिली काही वर्षं रात्रपाळीच केली, कारण नव्या पोराला दिवसपाळी कोण देतो? जेटचं झाकण, नोझलचा आवाज, सॅम्पल पोर्टमधून काढलेला ओला तुकडा दिव्याखाली धरून लॅब डिपशी, म्हणजे प्रयोगशाळेत रंगवलेल्या नमुन्याशी, ताडून बघणं, हे मी वाचलेलं नाही, केलेलं आहे. पॉलिएस्टरला 90 ते 120 अंशांचा टप्पा किती नाजूक असतो हेही मला लेखांनी शिकवलं नाही. तिथे मिनिटाला एक-दीड अंशाच्या वर चढवलं की रंग घाईने धाग्यावर बसतो आणि कापड पॅची उतरतं. एका रात्री नेव्ही ब्लूचा लॉट होता, माल सकाळी गाडीत चढायचा होता, आणि वरून हुकूम आला की स्टीम वाढवा. वाढवली. पहाटे जे कापड बाहेर आलं ते मी आजही विसरलेलो नाही. मग कॉस्टिक सोडा आणि हायड्रो (सोडियम हायड्रोसल्फाइट) टाकून स्ट्रिपिंग, म्हणजे बसलेला रंग उतरवणं, धुणं, पुन्हा धुणं, पुन्हा रंगाच्या पाण्याचा नवा बाथ, पुन्हा 130 अंश, पुन्हा रिडक्शन क्लिअरिंग, म्हणजे वरवरचा जादा रंग काढणं. जेवढ्या पाण्यात तो लॉट व्हायचा होता त्याच्या दुपटीहून जास्त पाणी ड्रेनमध्ये गेलं. ठपका आला आमच्या शिफ्टवर.

तेव्हापासून एक प्रश्न माझ्या डोक्यात आहे आणि त्याच प्रश्नातून तो लेख आला. या सगळ्यात पाणी नेमकं कशासाठी आहे?

कापसाला पाणी लागतं, त्याचा धागा पाणी पितो. पॉलिएस्टर पीत नाही. पॉलिएस्टरसाठी वापरतात तो डिस्पर्स रंग पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, म्हणून त्याची बारीक भुकटी तरंगत ठेवायला डिस्पर्सिंग एजंट घालावा लागतो. बाजारातून आपण जी रंगाची पावडर आणतो तिच्यात बऱ्याचदा निम्म्याच्या आसपास तो एजंटच असतो आणि तो सगळा शेवटी ईटीपीत, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायच्या प्लँटमध्ये, जातो. धागा उघडावा म्हणून पाणी दाबाखाली 130 अंशांपर्यंत न्यायचं. वर बसलेला जादा रंग काढायला पुन्हा कॉस्टिक-हायड्रो. आणि इतकं झाल्यावर कापडातलं पाणी उडवायला स्टेंटर, म्हणजे गरम हवेचं वाळवायचं मशीन. एक किलो पाण्याची वाफ करायला 540 किलोकॅलरी लागतात. म्हणजे ज्या धाग्याला पाणी नकोच आहे त्याच्यासाठी आपण पाणी आणतो, तापवतो, घाण करतो, साफ करतो आणि उडवतो. पंचगंगेच्या काठच्या माणसाने हा प्रश्न विचारायचा नाही तर कोणी विचारायचा? तिरुपूरच्या डाईंग युनिटना 2011 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने टाळं लावायला सांगितलं, ते नोय्यल नदीची काय अवस्था झाली होती ते पाहूनच. तिथलं काम बहुतांशी कापसाचं, हे मला ठाऊक आहे, ते सांगायला पुन्हा प्रतिक्रिया लिहू नका. ड्रेन कोणत्या धाग्याचा आहे हे नदी विचारत नाही.

आता परक्लोर. ते सोडून दिलं गेलं, अगदी खरं. पण का सोडलं हे तुम्ही एका शब्दाने लिहिलं नाहीत, आणि सगळं त्यातच आहे. परक्लोर 121 अंशांना उकळतं, पेटत नाही, आणि एक किलो उडवायला जेमतेम 50 किलोकॅलरी घेतं. कागदावर याहून चांगलं काय हवं? अडचण अशी की डिस्पर्स रंग त्यात फारच सहज विरघळतात. रंगाला बाथमध्येच सुख असेल तर तो धाग्यात कशाला शिरेल? रंग बाथमधून धाग्यावर पूर्ण चढत नाही (एक्झॉस्ट होत नाही), गडद शेड गाठता येत नाही, बाथमध्ये रंग उरतो. शिवाय थोडं परक्लोर धाग्यात अडकून बसतं आणि सावकाश बाहेर येत राहतं. आणि ते विषारी आहे : कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने त्याला 2अ, म्हणजे ‘माणसात बहुधा कर्करोग करणारं’, या गटात ठेवलं आहे, आणि अमेरिकेने डिसेंबर 2024 मध्ये ड्रायक्लीनिंगमधूनही ते टप्प्याटप्प्याने हद्दपार करायचा नियम केला. ही सगळी परक्लोरची कारणं आहेत. पाण्याविना रंगवण्याची कल्पना त्यातल्या एकाही कारणाने बाद होत नाही.

कार्बन डायऑक्साइडचं वागणं वेगळं आहे. 31 अंश आणि 74 बारच्या पुढे तो धड द्रव नाही, धड वायू नाही. साधारण 120 अंश आणि 250 बारला तो पॉलिएस्टरच्या आत शिरतो, धागा सैल करतो, रंगाला वाट करून देतो. पण त्यात रंग विरघळतो तो बेताचाच, आणि किती विरघळावा हे दाब कमी-जास्त करून आपल्या हातात राहतं. परक्लोरमध्ये ही किल्ली नव्हती. शेवटी दाब उतरवला की उरलेला रंग भुकटी होऊन खाली पडतो, वायू परत टाकीत जातो, कापड कोरडं निघतं. डिस्पर्सिंग एजंट नाही, स्टेंटरवर वाळवणं नाही. जर्मनीत क्रेफेल्डच्या संशोधकांनी 1980 च्या दशकाच्या अखेरीस हे सुरू केलं. डच कंपनी डायकूच्या मशीनवर थायलंडमध्ये उत्पादन झालं, आणि 2013 मध्ये तैवानच्या फार ईस्टर्नच्या कारखान्यात नायकेसाठी याच पद्धतीने कापड रंगू लागलं. ‘जगाने सोडून दिलं’ म्हणताना तुमचं जग सत्तरच्या दशकाला थांबलेलं आहे.

स्पिन फिनिशचा मुद्दा तुमचा बरोबर आहे, तो मी मान्य करतो. तेल वायूत उतरतं आणि आधी चांगलं स्कावरिंग, म्हणजे तेल धुऊन काढणं, हवं. लेखात त्यावर एक ओळ असती तर बरं झालं असतं.

किमतीचं म्हणाल तर मशीन महाग आहे, कोणी नाही म्हटलंय? ईटीपी स्वस्त आहे का? झिरो लिक्विड डिस्चार्ज, म्हणजे सांडपाण्याचा थेंबही बाहेर न सोडणं, स्वस्त आहे का? हिशेब मांडायचा तर दोन्ही बाजूंचा मांडा, मग बोलू.

दिवसभर मशीनवर उभं राहणाऱ्या माणसाबद्दल मला आदर आहे, तुमच्याबद्दलही आहे, म्हणूनच एवढं लिहिलं. पण अनुभव हा दुसऱ्याचं तोंड बंद करायचं साधन म्हणून वापरलात तर मी गप्प बसणार नाही. परक्लोरवर चाललेला लॉट तुम्ही स्वतः पाहिला असेल, शेड कुठे अडली, सॉल्व्हंट परत किती मिळालं, याच्या नोंदी असतील तर पाठवा. तुमच्या नावासकट, एक शब्द न बदलता छापतो. पुढची प्रतिक्रिया नावाने लिहा.