एंडपॉइंट टाकताय? मग असाच टाका

बॅकएंडमध्ये, म्हणजे सर्व्हरवरच्या प्रोग्रॅममध्ये, नवीन एंडपॉइंट (ॲप किंवा ब्राउझर ज्या पत्त्यावर काम सांगतो तो पत्ता) टाकायचाय ना? शुक्रवारची संध्याकाळ धरा. सोमवारपर्यंत फोन बंद ठेवायला निमित्त मिळतं.

नावासाठी डोकं शिणवू नका. 'गेट-डेटा' आधीच असेल तर 'गेट-डेटा-न्यू', तोही असेल तर 'गेट-डेटा-न्यू-२'. घराण्याची परंपरा आहे, मोडू नये.

काहीही बिघडो, उत्तरात २०० पाठवा, म्हणजे 'सगळं ठीक'चा आकडा. ऑर्डर सापडली नाही, २००. टोकन (लॉगिनची सांकेतिक खूण) संपलं, २००. डेटाबेस आडवा झाला, तरी २००, आणि आत कुठेतरी 'सक्सेस: फॉल्स'. ४०४ ('सापडलं नाही') आणि ५०० ('सर्व्हर बिघडला') भांडखोर लोकांसाठी आहेत. मॉनिटरिंग कसं श्रावणातल्या कातळसड्यासारखं हिरवंगार दिसलं पाहिजे.

एकच विनंती दोनदा आली तर दोन ऑर्डरी करा. आमच्याकडे रेंज जाते, माणूस बटण पुन्हा दाबतो, धंदा दुप्पट.

डॉक्युमेंटेशन? 'मी आहेच ना, विचार.' मग रजेवर जा.

आता मुख्य मंत्र. ऑर्डर रद्द करायचा एंडपॉइंट गेटच ठेवा, म्हणजे नुसता पत्ता उघडला की चालणारा. पोस्टची, म्हणजे काही बदलायला मुद्दाम पाठवायच्या विनंतीची, कटकट कशाला? गेट म्हटलं की ब्राउझरमध्ये पत्ता टाकला, चाचणी झाली, चहाला मोकळे. देवगडच्या माझ्या काकांच्या हापूससाठी एका हुशार माणसाने हेच केलं. 'रद्द करायची असल्यास इथे दाबा' असा दुवा. चुलतभाऊ तो प्रत्येक गिऱ्हाइकाला व्हॉट्सॲपवर पाठवायचा. आता, दुवा चिकटवला की त्याची झलक दाखवायला व्हॉट्सॲप तो पत्ता स्वतःच उघडून बघतं. उघडला म्हणजे गेट. गेट म्हणजे रद्द. गिऱ्हाइकाने बोट लावायच्या आधी, खरं तर मेसेज त्याला पोचायच्याही आधी, ऑर्डर गेलेली! लॉगिन विचारणं नाहीच. दुव्यात नुसता ऑर्डर क्रमांक. ११८ चा ११९ केला की शेजाऱ्याचीही पेटी रद्द करता येते, तेवढीच समाजसेवा. काका पडवीत पेंढा अंथरून पाच डझनी पेट्या भरत बसलेले. मला फोन: "मेल्या, मी पेटये भरून ठेवलंय, आणि तुझो कॉम्प्युटर सांगता सगळा रद्द!"

माझा कॉम्प्युटर! मी त्यातली एक ओळ लिहिलेली नव्हती. दोन रात्री लॉग (सर्व्हरने ठेवलेल्या नोंदी) चाळले, त्यातली एक वीज गेल्यावर मोबाइलच्या उजेडात. लॉगमध्ये काय, सगळीकडे २००.

अहो शहाण्यांनो, गेट वाचायला असतं. त्याने सर्व्हरवरचं काही बदलू नये हे एचटीटीपीच्या, म्हणजे ब्राउझर-सर्व्हरच्या बोलण्याच्या, नियमांत १९९९ मध्येही लिहिलेलं होतं, २०२२ च्या आवृत्तीतही आहे. २००५ मध्ये गूगलच्या वेब ॲक्सिलरेटर या पानं झटपट उघडायच्या प्रोग्रॅमने पानावरचे दुवे आधीच उघडून ठेवायला घेतले, तेव्हा लोकांचे 'डिलीट'चे दुवे आपोआप चालून नोंदी उडाल्या होत्या. तेव्हा जगभर बोंब झाली. तुम्ही ती ऐकली नसेल, पण पैसे घेऊन काम करता ना? मग वाचा की थोडं! दुवा उघडल्यावर 'नक्की रद्द?' विचारणारं पान, त्यावरच्या बटणाने पोस्ट, आणि दुव्यात क्रमांकाऐवजी कोणाला अंदाजाने ओळखता येणार नाही असं टोकन. एका दुपारचं काम होतं. तुम्ही नाही केलंत, मी केलं, फुकट.

आणि १४ गिऱ्हाइकांना एकेक फोन करून "तुमची ऑर्डर रद्द नाही हो, आंबा निघालाय" हेही मीच सांगितलं. त्यातल्या तिघांनी तोवर दुसरीकडून घेतला होता.