यार्डातली बंद जेसीबी : एका प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, बंद पडलेली जेसीबी चालवून न पाहता कशी तपासून घ्यावी, हे मी लिहिलं होतं. त्यावर तुमचे आक्षेप दोन. चालवून न पाहता जेसीबी घ्यायला सांगणं म्हणजे माणसाला खड्ड्यात घालणं, आणि ऑइलची पट्टी (डिपस्टिक) पाहून इंजिन कळत नसतं. दुसरा मान्य. पहिला अर्धा.

मालक घरी असून मशीन चालू करून दाखवत नसेल, तर चहा पिऊन परत या. पण हप्ते थकले म्हणून फायनान्सवाल्यांनी ओढून आणलेली, नागपूरकडच्या यार्डात दोन पावसाळे उभी असलेली मशीन 'जशी आहे तशी' विकतात. बॅटरी गायब, चावी मिळत नाही. तिथं ट्रायल मागून काय होणार? बोली कुठं थांबवायची, तेवढंच आपल्या हातात.

पट्टी फसवते, कारण उभ्या मशीनमध्ये पाणी इंजिनच्या ऑइल चेंबरच्या तळाशी बसतं आणि पट्टीला वरचं ऑइल लागतं. यार्डवाला हात लावू देत असेल तर चेंबरखालचा ड्रेन प्लग थोडा सैल करा. पाणी असेल तर तेच आधी टपकतं. उभ्या सायलेन्सरवर झाकण नसेल तर पावसाचं पाणी टर्बोतून थेट सिलिंडरपर्यंत उतरतं. म्हणून पुढची तपासणी महत्त्वाची. गियर न्यूट्रलला ठेवून इंजिनच्या पुढच्या क्रँक पुलीच्या बोल्टला पाना लावा आणि इंजिन चालताना फिरतं त्याच बाजूला हळूहळू पूर्ण दोन फेरे द्या. चार सिलिंडरच्या इंजिनात दर अर्ध्या फेऱ्याला एका सिलिंडरच्या दाबाचा एक जोर लागतो, म्हणजे एकूण चार. एखादा जोर ढिला लागला, तर त्या सिलिंडरचे रिंग किंवा व्हॉल्व्ह गेलेले. एका जागी घट्ट अडलं तर ताकद लावू नका. आत पाणी असेल तर पिस्टनचा कनेक्टिंग रॉड वाकेल.

हायड्रॉलिकचे सिलिंडर तपासायला इंजिन चालू लागत नाही. या सिलिंडरच्या रॉडचा जो भाग बाहेर राहिला, त्याच्या क्रोमवरून नख फिरवा. गंजाचे खड्डे लागले तर नवं सील किट टिकणार नाही, रॉडच बदलावा लागेल. बकेटखाली सब्बल घालून उचला, सांध्यांच्या पिन-बुशमधला खेळ दिसतो. वैनगंगेच्या रेतीघाटावर राबलेल्या मशीनचे पिन-बुश शेततळी खोदणाऱ्या मशीनपेक्षा लवकर झिजतात, मग तासांचं मीटर काहीही दाखवो.

गिअरबॉक्स मात्र बंद मशीनवर कळत नाही. तो गेलेलाच धरा. एप्रिल २०२१ नंतरच्या प्रदूषण नियमांची मशीन असेल तर ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) आणि वायरिंगचाही खर्च धरा. यार्डातले उंदीर वायरी सोडत नाहीत. चालू मशीनच्या भावातून हे सगळं, शिवाय टायर, बॅटरी आणि ट्रेलरचं भाडं वजा करा. उरेल तीच तुमची शेवटची बोली. मार्चमध्ये घेऊन याच उन्हाळ्यात हप्ते काढायचे असतील, तर असली मशीन घेऊच नका. दुरुस्तीतच सीझन जाईल.

बोलीआधी चेसिस आणि इंजिन नंबर आरसीशी ताडून पाहा. कर्जाची नोंद उतरवायला फॉर्म ३५ आणि एनओसी, नाव बदलायला २९ व ३० लागतात.

आणि घेतलीच, तर यार्डातच जंपर लावून धडाधड सेल्फ मारू नका. ट्रेलरवर घरी आणा, ऑइल, फिल्टर आणि डिझेल बदला, डिझेल बंद ठेवून ऑइल प्रेशरचा दिवा विझेपर्यंत थांबत थांबत सेल्फ फिरवा, मगच चालू करा.