ते ‘एफ’ नाहीत, सर

नमस्कार सर,

तुमचा एक स्टारचा अभिप्राय काल रात्री वाचला. बॉक्सिंगच्या जुन्या इंग्रजी पुस्तकाची आम्ही छापलेली प्रत आठ दिवसांत देतो म्हणालो आणि एकोणीस दिवस लावले, ही चूक आमचीच. गणपतीत बायंडर कोकणात गेले आणि आम्ही तुम्हाला साधा फोनही केला नाही. मनापासून माफी मागतो.

पण ‘पानोपानी स्पेलिंगच्या चुका, प्रूफ वाचलेलंच नाही’ असं तुम्ही लिहिलंय, त्यावर बोलल्याशिवाय राहवत नाही. तुम्ही परत पाठवलेली प्रत समोर घेऊन बसलोय. पेन्सिलीनं गोल केलेत, ‘फिस्ट’चं ‘फिफ्ट’ झालंय, ‘स्टमक’चं ‘फ्टमक’. सर, ते एफ नाहीतच. तो जुना लांब एस (ſ) आहे. इंग्लिश बॉक्सर डॅनिअल मेंडोझाचं हे पुस्तक १७८९ साली लंडनमध्ये छापलं गेलं, तेव्हा शब्दाच्या सुरुवातीला आणि मधे असाच एस छापत, शेवटी मात्र आजच्यासारखा. १८०० च्या आसपास तो मागे पडला. भिंग धरून बघा. एफची आडवी रेघ दांड्याच्या दोन्ही बाजूंना जाते, याचं टोक फक्त डावीकडे डोकावतं. मोडी वाचताना आधी वळण ओळखावं लागतं, तसंच हे. पान ५ वर चौकटीत सगळं दिलंय.

आम्ही मूळ पानांचे फोटो जसेच्या तसे छापलेत. सॉफ्टवेअरकडून मजकूर काढून घेणं स्वस्तात झालं असतं, पण ते या एसला अनेकदा एफ समजतं. मग मात्र तुम्ही म्हणता तशा चुका खरोखर पानोपानी झाल्या असत्या.

पीडीएफ फुकट मिळते, हे खरं. आमच्या प्रतीचे ५५० रुपये आहेत ते शंभरच प्रतींच्या छपाईचे, जाड कागदाचे आणि दोऱ्यानं शिवलेल्या बांधणीचे. सराव करताना पुस्तक जमिनीवर उघडं ठेवलं तर मिटत नाही.

‘गार्ड (बचावासाठी हात धरायची पद्धत) चुकीचा’ म्हणालात. तेव्हा लढती उघड्या मुठींनी होत. बॉक्सर जॅक ब्रॉटनच्या १७४३ च्या नियमांप्रमाणे कमरेच्या वर धरून पाडायलाही मुभा होती. ग्लोव्ह घालून लढायचे क्वीन्सबेरी नियम आले १८६७ ला. आजच्या स्पर्धेसाठी मुलांना यातून शिकवू नका, हे प्रस्तावनेत आम्हीच लिहिलंय.

तुमचा एक गोल मात्र अगदी बरोबर. पान ९ वर, आमच्याच प्रस्तावनेत, मेंडोझा आणि त्याचा प्रतिस्पर्धी बॉक्सर हम्फ्रीज यांच्या पहिल्या लढतीचं साल १७७८ पडलंय. इंग्लंडमधल्या ओडिअम गावची ती लढत १७८८ ची. १७७८ ला मेंडोझा तेरा-चौदा वर्षांचं पोर होता! तीनदा वाचूनही ही चूक निसटली, याचं फार वाईट वाटतं. उरलेल्या प्रतींत शुद्धिपत्र चिकटवतोय.

तुमचे पैसे सोमवारीच परत केलेत. रात्री साडेअकराला फोन करून माझ्या पत्नीला ‘फसवणूक’ हा शब्द वापरलात, तो नसता वापरला तर बरं झालं असतं. आम्ही दोघंच हे काम करतो आणि तुमच्या अभिप्रायानंतर दोन ऑर्डरी रद्द झाल्यात. लांब एसची माहिती ऑर्डरच्या पानावरही टाकू, वेळेचंही बघतो.

पान ५ चा फोटो खाली जोडलाय. कृपया एकदा बघा.