कोनशिलेवरचं १३४२ म्हणजे पावणेसातशे वर्षं नव्हे

परभणीत मोंढ्याकडं जाताना लागायची ती दुमजली पेढी, खाली दुकानं आणि वर गोदाम, आमच्या मामांची. मागच्या उन्हाळ्यात ती पाडली. आठवडा झाला नाही तोच व्हॉट्सअ‍ॅपवर पोस्ट फिरू लागली, खाली कोनशिलेचा फोटो. पोस्टचं म्हणणं असं: इमारत निजामकालीन, १३४२ सालची, म्हणजे पावणेसातशे वर्षांची, जागा निजामानं बक्षीस दिलेली, कागद १९४८च्या पोलीस अ‍ॅक्शनमध्ये, म्हणजे भारतीय सैन्यानं हैदराबाद संस्थानावर केलेल्या कारवाईत जळाले, तेव्हा आता शोधायला काही उरलं नाही. मला ती सात ग्रुपांवर आली. दोन तर नातेवाइकांचेच.

आधी साल. १३४२ साली देवगिरीवर तुघलकाचा अंमल होता. निजामाचं घराणं दक्षिणेत स्थिरावलं ते १७२४ मध्ये. मग एकच इमारत १३४२ची आणि निजामकालीनही कशी? कोनशिलेवर आकड्याच्या अलीकडं उर्दूत एक शब्द आहे, तो फोटोत अर्धा कापला गेलाय: ‘खुर्दाद’. हैदराबाद संस्थानचा कारभार फसली सनात, म्हणजे महसुली कालगणनेत चालायचा आणि खुर्दाद हा त्यातला सातवा महिना. वर्ष आजूर या पहिल्या महिन्यापासून, म्हणजे ऑक्टोबरात सुरू व्हायचं. फसलीत ५९० मिळवा: १३४२ म्हणजे ऑक्टोबर १९३२ ते ऑक्टोबर १९३३, आणि खुर्दाद साधारण एप्रिलात. नुसता आकडा असता तर हिजरी १३४२, म्हणजे १९२३-२४, अशीही शंका घेता आली असती. महिन्याच्या नावानं ती मिटली.

मामीच्या पेटीतला रोजमेळ, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, हेच सांगतो. शके १८५५, चैत्र. मोडीत चुना, विटा, गवंड्याची मजुरी, आणि एका ओळीत ‘गर्डर ठेसनावरून आणले, गाडीभाडे’. त्या ओळीवर मी बराच वेळ बोट ठेवून बसलो होतो. मनमाड-सिकंदराबाद रेल्वे १९०० साली सुरू झाली नसती तर ते गर्डर परभणीत येते कुठून? पाडताना छतातून निघाले ते हेच असणार. चौदाव्या शतकात लोखंडी गर्डर कोण टाकत होतं, हे पोस्टवाल्यानंच सांगावं.

बक्षिसाचं थोडक्यात. इनाम असतं तर मुंतखब, म्हणजे इनामाचा सरकारी दाखला दाखवा. घरात आहे ते साधं खरेदीखत, रक्कम हाली, म्हणजे निजामाच्या संस्थानी रुपयांत. फुकट मिळालेल्या जागेचे पैसे कुणी मोजत नाही.

आणि कागद जळाले म्हणे! सप्टेंबर १९४८च्या धामधुमीत काही नाहीसे झालेही असतील. पण २०२३ मध्ये न्यायमूर्ती शिंदे समितीनं कुणबी नोंदींसाठी मराठवाड्यातल्या तहसिलांपासून हैदराबादपर्यंत निजामकाळातल्या नोंदी धुंडाळल्या, हे इथं कुणाला माहीत नाही? शिवाय इमारतीचा माग हैदराबादेतच लागतो असं नाही. सिटी सर्व्हेत मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) असते, तिच्यामागं चौकशी नोंदवही, त्यात जागा कुणाला कशी मिळाली याची नोंद. बल्दियाची, म्हणजे नगरपालिकेची घरपट्टी आणि निबंधकाकडचे दस्त वेगळेच. भिंती पाडल्या म्हणून सर्व्हे नंबर पुसला जात नाही. पत्रिका जागेची असते.

कोनशिला मामांनी उचलून आणली. ती आता अंगणात नळाखाली आहे, मामी तिच्यावर कपडे आपटते. ‘खुर्दाद’वर शेवाळ धरलंय, पण वाचता येतं.