जकातीचा माल

काल रात्री माझ्या संगणकाने माझ्या मॉनिटरवर अविश्वास दाखवला. तोही लेखी. 'हा पडदा सुरक्षित नसल्याने चित्रपट दाखवता येत नाही' अशी चौकट आली, आणि ती चौकट त्याच असुरक्षित पडद्यावर अगदी लख्ख दिसत होती.

मागची हकिकत थोडक्यात. मेहुण्याने न्यू जर्सीहून सिनेमांच्या ब्लू-रे डिस्क, म्हणजे डीव्हीडीहून स्वच्छ चित्राच्या चकत्या, आणल्या. (तिकडच्या सेलमध्ये उरतं ते इकडे भेट म्हणून येतं, हा आमच्या घराण्याचा जुना अनुभव.) डिस्कसाठी ड्राइव्ह घेतला. संगणकातला मूळचा प्लेअर ब्लू-रेला ओळखच देईना, म्हणून सॉफ्टवेअर घेतलं, पुन्हा पैसे मोजून. ते म्हणालं, डिस्क रीजन 'ए'ची, म्हणजे अमेरिकेकडच्या विभागात चालणारी; भारत पडतो रीजन 'सी'मध्ये, चीन-रशियाच्या पंगतीला. रीजन बदलता येईल, पण जन्मात पाचदाच. तो बदलला, तर मॉनिटरचं हे प्रकरण.

एवढ्यात खालच्या मजल्यावरचे काका पेपर परत करायला आले. काकांची अख्खी नोकरी जकात नाक्यावर गेली. 1 एप्रिल 2013 ला पुण्यातली जकात उठली. काकांच्या मनातली अजून उठलेली नाही. ते पिशवीत डोकावल्याशिवाय कुणाशी बोलत नाहीत.

"काय अडलंय?" ते खुर्ची ओढून बसलेच.

मी म्हटलं, "काका, संगणक केबलमधून चित्र पाठवण्याआधी मॉनिटरला विचारतो, तुझ्याकडे परवाना आहे का. एचडीसीपी म्हणतात. मॉनिटरने सांकेतिक उत्तर दिलं तरच चित्र पुढे. आमचा जुना आहे, त्याला उत्तर येत नाही."

काकांचा चेहरा उजळला. "म्हणजे नाका आहे!"

"नाकाच. पण काका, डिस्क माझी, संगणक माझा, मॉनिटरही माझा."

"ते सगळेच म्हणतात. पावती कुठाय?"

मी खरंच ड्रॉवर उघडून पावती शोधायला लागलो, यावरून माझी मनःस्थिती लक्षात यावी.

"आणि डिस्कवर सील?"

"आतला सगळा मालच कुलूपबंद आहे. एएसीएस नावाचं कुलूप. सॉफ्टवेअरकडे किल्ली असते, ती ठरावीक मुदतीने बाद होते. मग अपडेट घ्यायचं. शिवाय नव्या डिस्कमध्ये रद्द झालेल्या परवान्यांची यादी असते. ड्राइव्ह ती वाचून लक्षात ठेवतो. म्हणजे उद्या नवा सिनेमा घातला की काल चालणारं सॉफ्टवेअर परवा बंद पडू शकतं."

"ब्लॅकलिस्ट!" काका जवळजवळ उभे राहिले. "आम्ही वर किती वेळा लिहून दिलं होतं, प्रत्येक नाक्यावर यादी हवी म्हणून. कोण ऐकतो? आणि हे डिस्कमध्येच घालतात? हुशार माणसं आहेत रे."

आता मात्र मी चिडलो. मी सांगितलं की हे कुलूप 2007 सालीच फुटलं. बत्तीस अक्षर-अंकांची ती किल्ली लोकांनी टी-शर्टवर छापली, कुणी गाण्यात गायली. काका शांतपणे म्हणाले, "मग किल्ली बदलली असेल." बदलली होती. "झालं तर."

"अहो, पण चोरून उतरवलेला सिनेमा पुतण्या मोबाइलवर बघतो! त्याला ना रीजन, ना परवाना. आणि मी पैसे मोजून इथे बसलोय."

काकांनी माझ्याकडे इतकी कीव करून पाहिलं की मला लाज वाटली. "अरे, नाक्यावर थांबते ती सरळमार्गी माणसाचीच गाडी. चोराची गाडी नाक्यावरून जातेच कुठे? ती आडवाटेने जाते. सोलापूर रस्त्याच्या नाक्यावर मी रात्ररात्र उभा असायचो, ज्यांची पावती पक्की तेच सापडायचे."

यावर काय बोलणार? ज्यांनी ही व्यवस्था लावली त्यांनाही हे पक्कं ठाऊक असणार आणि तरी तीच चालू आहे, याचा मला खरा राग येतो. बरं, इतका बंदोबस्त कशाचा, तर जी चकती आता कुणाला नको आहे तिचा. 2008 च्या फेब्रुवारीत तोशिबाने ब्लू-रेची प्रतिस्पर्धी चकती एचडी डीव्हीडी गुंडाळली आणि ब्लू-रे जिंकली; पण आजच्या लॅपटॉपला चकती सरकवायला खाचच नसते. 2016 मध्ये आलेल्या 4के, म्हणजे आणखी बारीक चित्राच्या, ब्लू-रे डिस्कची तऱ्हा तर आणखी वेगळी. ती संगणकावर अधिकृतपणे लावायची तर प्रोसेसरमध्ये खास तिजोरी लागते, आणि नव्या घरगुती प्रोसेसरांतून ती तिजोरीच काढून टाकली आहे. म्हणजे नवा संगणक घेतलात तर तुम्ही बाद, जुना ठेवलात तर तुमचा मॉनिटर बाद.

शेवटी संगणक उचलून दिवाणखान्यातल्या टीव्हीला जोडला. टीव्हीला उत्तर देता येत होतं. पडदा उजळला आणि आली ती पाटी: विनापरवाना प्रत काढणं हा गुन्हा आहे, दंड अमुक, शिक्षा तमुक. मग तीच दुसऱ्या भाषेत. मग तिसऱ्या. पुढे ढकलायचं बटण दाबलं की कोपऱ्यात 'ही क्रिया सध्या करता येणार नाही'. चोरीच्या प्रतीत ही पाटी नसते, हे सांगायला मी तोंड उघडलं, तर काकांनी हाताने गप्प केलं. ते वाचत होते. प्रत्येक भाषा. कळत नव्हती तीही.

सिनेमा सुरू होताच ते उठले.

"अहो काका, बसा ना, आत्ता तर लागतोय."

"नको रे, जेवायचंय. पुढची डिस्क लावशील तेव्हा मात्र बोलव. इथपर्यंतच बघतो."