एथेल बॅरीमोर आणि आपल्याकडचे नव्वद दिवस

सिरियलमधल्या कुणी पैसे थकल्याची पोस्ट टाकली की खालच्या कमेंट्स मी न वाचताच सांगू शकते. परवडत नाही तर सोडा ना, हौसेला मोल नसतं, आणि एखादे काका हमखास लिहिणार की जुन्या लोकांनी चहा-भजीवर नाटकं केली. इकडे न्यू जर्सीत बसून हे वाचताना मला हल्ली शंभर वर्षांपूर्वीची अमेरिकन नटी एथेल बॅरीमोर आठवते. न्यूयॉर्कला 47व्या स्ट्रीटवर 1928 पासून तिच्या नावाचं थिएटर आहे, तिथे नाटक बघितलं आणि मग ही बाई कोण म्हणून शोधत बसले.

बाई एकदम खानदानी. जन्म 1879 चा, फिलाडेल्फियाचा. आईवडील दोघं नट, आजी स्वतः थिएटर चालवायची, मामा जॉन ड्रू त्या काळचा बडा स्टार, लायोनेल आणि जॉन हे भाऊ पण नटच. 1901 मध्ये ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या बड्या व्यावसायिक रंगभूमीवर, तिचं नाव झालं ते झालंच. चर्चिलने मागणी घातली आणि हिने नकार दिला असंही सांगतात (आमच्या ग्रुपमध्ये सगळ्यांना एवढंच लक्षात राहिलं).

मला खरा इंटरेस्ट 1919 मध्ये आहे. तेव्हा अमेरिकेत नटांना तालमीचे पैसे मिळत नसत, आठवडेच्या आठवडे फुकट राबा, कपडे बऱ्याचदा पदरचे, आणि दौऱ्यावर नाटक पडलं तर घरी कसं यायचं ते तुमचं तुम्ही बघा. इक्विटी नावाची नटांची युनियन होती पण निर्माते तिला मोजायलाच तयार नाहीत, मग 7 ऑगस्टला संप झाला. एथेलला यातलं काहीच सोसावं लागत नव्हतं, तिच्या नावावर तिकीट खपायचं, तरी ती उघडपणे संपकऱ्यांच्या बाजूने उतरली आणि त्यांच्यासाठी पैसे उभे करायला जे शो झाले त्यात लायोनेलसोबत स्टेजवर आली. जॉर्ज कोहानसारखा मोठा नट-निर्माता निर्मात्यांकडून लढत होता, म्हणजे हे काही फुकटात मिळालेलं पुण्य नव्हतं. महिन्याभरात निर्माते वाकले. युनियनला मान्यता, आठवड्याला आठ प्रयोग, त्याच्या वर केला तर जादा पैसे. आणि करिअर संपलं म्हणता? त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तिचं नवीन नाटक आलं आणि धो धो चाललं.

आता कुणी म्हणेल, बॅरीमोर होती म्हणून जमलं. बरोबरच आहे, म्हणून तर बोलायची जबाबदारी पण तिचीच होती ना! पण नुसत्या स्टारने संप जिंकला असंही नाही, कोरसमधल्या, म्हणजे घोळक्यात नाचणाऱ्या-गाणाऱ्या, पोरी आल्या, आणि बॅकस्टेजचे कामगार आणि वादक बाहेर पडले तेव्हा निर्मात्यांची खरी पंचाईत झाली. पडदा ओढायलाच माणूस नाही तर नाटक कसलं करता!

पुढे ती सिनेमात गेली, 1932 मध्ये दोन्ही भावांबरोबर एका पिक्चरमध्ये आली, आणि साठी ओलांडल्यावर कॅरी ग्रँटच्या आईच्या रोलला ऑस्कर मिळालं. आईचेच रोल, हो, ते इकडेही तसंच.

इथे अमेरिकेत सगळं गोड आहे असं सांगत नाहीये. युनियनचं कार्ड खिशात असून हॉटेलात टेबलं पुसणारे नट न्यूयॉर्कमध्ये ढिगाने आहेत, आणि 2023 मध्ये पडद्यावरच्या कलाकारांना 118 दिवस संप करावा लागला. पण काम केलं, पैसे द्या, एवढ्या साध्या मागणीवर इथे सहसा कुणी कलेच्या सेवेचं प्रवचन देत नाही.

मुंबईतली माझी एक मैत्रीण सिरियलमध्ये काकू-मावशीचे रोल करते. रोज बारा-तेरा तास शूट, पेमेंट नव्वद दिवसांनी, आणि ते नव्वद पण कागदावरचे, घरभाडं मात्र दर महिन्याला. संघटना आपल्याकडेही आहेत, पण तक्रार करणारा एकटा पडतो आणि पुढच्या ट्रॅकमध्ये त्याचं कॅरेक्टर गावाला जातं. लीडच्या हिरोईनचे पैसे वेळेवर येतात. त्या हिरोईनने एक दिवस मेकअपरूममधून बाहेर न येता म्हणावं की आधी यांचे चेक काढा, मग शॉट. मला तर वाटतं दुपारपर्यंत प्रश्न सुटेल. एपिसोड संध्याकाळी टेलिकास्टला जायचा असतो, चॅनलला दम निघणार आहे का?

मैत्रिणीला हे सगळं फोनवर सांगितलं तर म्हणाली, आमच्या हिरोईनला सांग. आणि मग म्हणाली, नाहीतर थांब, आधी स्पॉटदादांना विचारते, त्यांचे तर माझ्याहून जास्त थकलेत.