४० मागितला, २० का दिला: एका स्टारच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार साहेब,

आमच्या बंदुकीच्या दुकानाचा रिव्ह्यू तुम्ही मराठीत लिहिलात, तेव्हा उत्तरही मराठीतच देतो. ॲरिझोनात लांब पल्ल्याच्या नेमबाजीचा नाद लागलेली आपली मंडळी आता बरीच आहेत आणि बेस, म्हणजे रायफलवर स्कोप बसवायची पट्टी, घेताना बहुतेकांचा घोळ इथेच होतो. त्यांनाही उपयोग होईल.

आधी तुमच्या तक्रारी, म्हणजे इतरांना संदर्भ लागेल. तुम्ही .३०८ काडतुसाची रेमिंग्टन ७०० रायफल घेऊन आलात आणि १००० यार्डांसाठी ४० एमओए उताराचा बेस मागितलात (एमओए, म्हणजेच मिनिट, हा अंशाचा साठावा भाग). आम्ही २० चा बसवून दिला. फिनिक्सच्या बेन एव्हरी रेंजवर १००० यार्डांना टरेट (स्कोपवरची नेम वर-खाली करायची चकती) जवळजवळ संपला आणि गोळ्या दीड फूट उजवीकडे गेल्या. ‘दुकानात पडून होता तो माल गळ्यात मारला’ असं म्हणत तुम्ही ४० चा बेस ऑनलाइन मागवून घरीच चढवलात. आता १०० यार्डांवर गोळी नऊ इंच वर लागते, टरेट आणखी खाली फिरत नाही, बोल्टही (काडतूस आत ढकलणारा दांडा) जड झालाय, आणि रिसीव्हरची (रायफलच्या मधल्या सांगाड्याची) भोकं आम्हीच बिघडवली असा तुमचा संशय आहे. वर चार स्क्रू पिळायचे पासष्ट डॉलर घेतले, ते वेगळंच.

नऊ इंचांपासून सुरुवात करतो, कारण तुमच्या सगळ्या रिव्ह्यूचं उत्तर त्याच आकड्यात आहे.

तुमच्या स्कोपच्या कागदावर एलिव्हेशन, म्हणजे वर-खाली नेम, ५५ एमओए लिहिलंय. हा वर-खाली मिळून एकूण प्रवास. मध्यापासून धरलं तर साडेसत्तावीस वर, साडेसत्तावीस खाली. सपाट बेसवर १०० यार्डांचा झिरो, म्हणजे नेम धरला तिथेच गोळी लागेल अशी टरेटची जागा, मध्याच्या साधारण चार मिनिटं वर येतो, कारण स्कोप बॅरलच्या पावणेदोन इंच वर बसलेला असतो आणि तिथे पोहोचेपर्यंत गोळी पावणेतीन इंच पडलेली असते. तेवढं भरून काढावंच लागतं. म्हणजे वर चढायला उरले साडेतेवीस. १७५ ग्रेनची गोळी असेल तर एवढ्यात सातशे यार्डांच्या थोडं पुढे जाता येतं, पुढे टरेट हात वर करतो. खालची साडेएकतीस मिनिटं मात्र नुसती पडून. झिरोच्या खाली जाऊन मारायचंय कुणाला?

ती पडीक मिनिटं वर आणून देणं, एवढंच उताराच्या बेसचं काम. २० चा बेस लावला की झिरो मध्याच्या सोळा मिनिटं खाली जातो. खाली साडेअकरा शिल्लक राहतात आणि वर साडेत्रेचाळीस मिळतात. समुद्रसपाटीजवळ तुमच्या काडतुसाला १००० यार्डांना अडतीसच्या आसपास लागतात, फिनिक्सच्या उन्हाळ्यात हवा विरळ असल्यामुळे थोडी कमीच. निदान पाचेक मिनिटं हातात उरतात. टरेट संपायला आला म्हणून तुम्ही घाबरलात, पण तो तिथेच यायला हवा होता. काउंटरवर वहीत हाच हिशोब मांडून दाखवला होता, त्याला तुम्ही रिव्ह्यूत ‘लेक्चर’ म्हटलंय.

आता ४० घ्या. झिरोसाठी मध्यापासून छत्तीस मिनिटं खाली जायला हवं. स्कोपमध्ये आहेत साडेसत्तावीस. साडेआठ कमी पडली. १०० यार्डांवर एक मिनिट म्हणजे १.०४७ इंच, तेव्हा साडेआठ मिनिटांचे झाले ८.९ इंच. तुम्ही नऊ मोजलेत. मोजमाप चोख आहे साहेब, ते आमच्या वहीशी जुळतं.

१००० ला अडतीस लागतात म्हणून चाळीसचा बेस, हा हिशोब ऐकायला सरळ वाटतो, पण बेस आणि टरेट मिळून काम करतात. बेस निवडताना आधी बघायचा तो स्कोपचा निम्मा प्रवास. त्याच्या आत राहायचं, आणि अगदी काठावरही जायचं नाही. मग तीस का नको, असं तुम्ही त्या दिवशी विचारलं होतंत. तीसला कागदावर दीड मिनिट शिल्लक राहतं. पण रिसीव्हर घासताना कारखान्यात राहिलेला फरक, स्कोप धरणाऱ्या रिंगांमधला फरक, हे दीड मिनिट सहज खातात. शिवाय स्कोपची नळी गोल असते. आतली छोटी नळी अगदी तळाला जाऊन टेकली की तिला डावी-उजवीकडे सरकायला जागाच उरत नाही, विंडेजचे (डाव्या-उजव्या नेमाचे) क्लिक अर्ध्यावर अडकतात. २० च्या बेसवर उलट फायदा होतो. १०० ला तुम्ही मध्याच्या थोडे खाली असता, मधल्या अंतरांना मध्याजवळून जाता, आणि काच मध्याजवळच सगळ्यात स्वच्छ दिसते.

४० चा बेस वाईट असतो असं नाही, आम्ही तोही विकतो. ३४ मिलिमीटर नळीचा, शंभरच्या वर मिनिटांचा स्कोप असेल आणि .३३८ लापुआने मैलभर मारायचं असेल तर मी स्वतःहून ४० हातात देईन. .२२ वाल्यांनाही देतो. पन्नास यार्डांना झिरो केलेली साधी .२२ तीनशे यार्डांवर न्यायची तर पन्नासच्या घरात मिनिटं लागतात, ऐकणाऱ्याला पटत नाही पण लागतात. तुमच्या स्कोपला मात्र तो चालणार नाही. बेस तोच ठेवायचा हट्ट असेल तर बर्रिसच्या सिग्नेचर रिंगा येतात. त्यांच्यातल्या सरकत्या बुशांनी काही मिनिटं परत कमी करता येतात. पण उतार आधी विकत घ्यायचा आणि मग पैसे मोजून तो काढून टाकायचा, यात मला काही शहाणपण दिसत नाही.

उजवीकडच्या दीड फुटाबद्दल. १००० यार्डांच्या टार्गेटवर नऊच्या वर्तुळाचा व्यास ३० इंच असतो, म्हणजे दीड फुटाला गोळी आठात जाते. राग येणं साहजिक आहे. पण बेस तिरका बसला असता तर १०० लाही त्याच कोनात उजवीकडे लागलं असतं आणि झिरो करताना निघून गेलं असतं. १०० ला बरोबर आणि १००० ला उजवीकडे, याची कारणं दुसरी असतात. तुमच्या बॅरलचा पीळ उजवा आहे. नुसत्या त्या फिरकीनेच .३०८ हजार यार्डांवर आठ-नऊ इंच उजवीकडे सरकते, वारा शून्य असला तरी. दुसरं म्हणजे रायफल हातात कलणं. उजवीकडे एक अंश कललात तर एवढ्या चढावर आणखी सात-आठ इंच गेले. एक अंश डोळ्याला कळत नाही, म्हणून स्कोपवर छोटी पाणसळ लावा असं सुचवलं होतं. तुम्ही ती नको म्हणालात, तो तुमचा निर्णय. बेसचा त्याच्याशी संबंध नाही.

बोल्टचं तेवढं आज बघाच. नव्या बेसबरोबर आलेले स्क्रू तुम्ही वापरलेत, आणि पुढच्या-मागच्या स्क्रूंची लांबी सारखी नसते. रेमिंग्टन ७०० च्या रिसीव्हरच्या पुढच्या भागातला स्क्रू केसभर जरी लांब झाला तरी खाली उतरून बोल्टच्या लगला (टोकाच्या दाताला) घासतो. रायफल रिकामी आहे याची खात्री करा, पुढचे दोन स्क्रू काढा आणि बोल्ट चालवा. हलका लागला तर रोग सापडला. स्क्रूच्या टोकाला मार्कर लावून परत पिळा, शाई कुठे पुसली जाते ते दिसेल. बोल्ट जोर लावून बंद करू नका आणि तशा अवस्थेत गोळी झाडू नका. भोकांचे आटे आम्ही बेस लावताना तपासले होते, ते ठीक होते. तरी शंका असेल तर दुसऱ्या कुठल्याही गनस्मिथकडे दाखवा, त्यांचं बिल मला पाठवू नका एवढंच.

पासष्ट डॉलर. चार स्क्रू पिळायला मीही एवढे दिले नसते. तुमच्या रिसीव्हरवर आधी फक्त पुढचे दोन स्क्रू आवळले, तेव्हा बेसचं मागचं टोक हवेत राहिलं. खाली फीलर गेजची, म्हणजे फट मोजायची, पाती जात होती. हे या रायफलींमध्ये नेहमीचं आहे. तसाच आवळला असता तर बेस वाकला असता आणि त्याच्याबरोबर रिंगा आणि स्कोपची नळीसुद्धा. म्हणून मागच्या टोकाखाली इपॉक्सीचा थर देऊन रात्रभर ठेवला, दुसऱ्या दिवशी टॉर्क रेंचने इंच-पाउंड मोजून आवळला. रायफल ‘उगाच’ एक दिवस ठेवून घेतली असं तुम्ही लिहिलंय, ती यासाठी. बेसही मुद्दाम एकसंध दिला. दोन तुकड्यांचा उताराचा बेस स्वस्त पडतो, पण त्यावर दोन्ही रिंगा बरेचदा एका रेषेत येत नाहीत आणि स्कोपच्या नळीवर वळ उठतात.

वीस मिनिटांचा उतार म्हणजे अंशाचा तिसरा भाग. सहा इंचांच्या बेसवर मागची बाजू पुढच्यापेक्षा ०.९ मिलिमीटर उंच, बस. डोळ्याला हा फरक जेमतेम दिसतो आणि त्यामुळे लोक बेस उलटाही लावतात. तुमचा उलटा लागलेला नाही, नाहीतर गोळी वर नव्हे, खाली लागली असती.

जाता जाता, तुम्ही स्वप्नील कुसाळेचं उदाहरण देऊन ‘ऑलिंपिकवाले असले बेस कुठे लावतात’ असंही विचारलंय. खरंच लावत नाहीत. पॅरिसला २०२४ मध्ये आपल्या राधानगरीकडच्या पोराने कांस्य आणलं ते ५० मीटरवर, भिंगाशिवायच्या पीप साइटमधून, म्हणजे बारीक भोकातून नेम धरून. त्या खेळात स्कोपला परवानगीच नाही. त्याचा अभिमान आम्हालाही आहे, फोटो दुकानात लावलाय, पण तो हिशोब इथे लागू नाही.

आता करायचं काय. ४० चा बेस न घासता काढा आणि जिथून घेतलात तिथे परत करा. जुना २० चा बेस घेऊन या, आम्ही तो परत बसवून, स्कोप पाणसळीत धरून, शंभराचा झिरो करून देऊ. बसवण्याचे पैसे नाहीत, झिरो करायची काडतुसं तुमची. त्यानंतरही १००० ला टरेट पुरला नाही तर बेसचे पैसे परत. रिव्ह्यू बदला असं म्हणत नाही, ठेवायचा तर ठेवा.

येताना जुन्या बेसचे चारही स्क्रू त्याच पुडीत आणा, नव्यात मिसळू नका. रविवार-सोमवार दुकान बंद असतं.